चहासोबतची कणकेची बटर बिस्किटं: लोणी न छाटता हलकी कशी करायची

पौष्टिक बिस्किटांच्या बहुतेक पाककृती एकाच जागी घसरतात. मैदा काढून कणीक घालतात, साखर काढून गूळ घालतात, आणि त्याच झटक्यात लोणीही निम्मं करतात. मग जे तयार होतं ते चहात बुडवल्याशिवाय दाताला दाद देत नाही. दोन दिवस डबा तसाच राहतो, तिसऱ्या दिवशी घरात विकतचा पुडा येतो. सगळी मेहनत वाया.

लोणी हा बिस्किटाचा सांगाडा आहे. पिठाच्या कणाला स्निग्धाचं आवरण बसलं की त्याला पाणी कमी मिळतं, ग्लुटेनचे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचे, धागे लांब होत नाहीत, आणि बिस्किट दाताखाली सहज मोडतं. आपण शंकरपाळ्यांत मोहन घालतो ते याचसाठी. म्हणून छाटायचं ते दुसरीकडे: वनस्पती तूप पूर्ण बंद, साखर एका मर्यादेपर्यंत कमी, आणि बिस्किटाचा आकार लहान. या तिन्हींनी जो फरक पडतो तो लोणी छाटून पडत नाही.

आधी नेहमीचं माप पाहू. घरोघरी नानकटाईचं प्रमाण असतं दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी तूप. ऐकायला सरळ वाटतं, पण वजनावर घातलं की चित्र बदलतं. वाटी १५० मिलीची धरली तर दोन वाट्या मैदा साधारण १६० ग्रॅम, पिठीसाखर ८० ते ८५ ग्रॅम आणि तूप १३५ ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे पिठाच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त स्निग्ध आणि निम्म्याहून जास्त साखर. चांगल्या बिस्किटाला इतकं लागत नाही. शिवाय पीठ चाळून भरलं की दाबून भरलं यावर वाटीतला फरक वीस-पंचवीस ग्रॅमचा पडतो, तेवढ्यात बिस्किट पसरतं किंवा दगड होतं. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल वजनकाटा ही या कामातली सगळ्यात उपयोगी वस्तू आहे, ओव्हनपेक्षाही.

साहित्य, चोवीस लहान बिस्किटांसाठी

कणीक १२० ग्रॅम, नाचणीचं पीठ ४० ग्रॅम, बेसन २० ग्रॅम. बिनमिठाचं लोणी १०० ग्रॅम. पिठीसाखर ६० ग्रॅम. बेकिंग पावडर सपाट अर्धा छोटा चमचा. मीठ पाव छोटा चमचा. वेलदोड्याची पूड अर्धा छोटा चमचा. थंड दूध जास्तीत जास्त दोन छोटे चमचे, तेही लागलं तरच.

पिवळं, मिठाचं टेबल बटर वापरत असाल तर वरचं मीठ घालायचं नाही, त्यात ते पुरेसं असतं.

लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्ध आणि उरलेलं बहुतेक पाणी असतं. साजूक तुपात पाणी जवळजवळ नसतंच. म्हणून १०० ग्रॅम लोण्याच्या जागी १०० ग्रॅम तूप घालणं चूक. ८० ग्रॅम थिजलेलं तूप आणि १५ मिली दूध हे बरोबरीचं माप. तुपाचं बिस्किट जास्त भुसभुशीत होतं, लोण्याचं जास्त खमंग, कारण लोण्यातला दुधाचा अंश भाजताना तांबूस होतो आणि तोच वास चहाशी जुळतो. मला या कामाला लोणीच आवडतं.

घरी विरजण लावून काढलेलं लोणी असेल तर त्यात ताक अडकलेलं असतं. तीन-चार वेळा गार पाण्यात धुऊन घ्या, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, मग सुती कापडावर ठेवून नीट निथळू द्या. तरीही त्यात विकतच्यापेक्षा पाणी जास्तच राहतं, त्यामुळे दुधाचा थेंबही घालू नका. लोणी जरा आंबट असेल तर बेकिंग पावडरच्या जोडीला खायच्या सोड्याची अगदी चिमूट चालते. गोड ताज्या लोण्यात मात्र सोडा नको. त्याला जोड द्यायला आम्ल नसेल तर तो तसाच मागे उरतो, बिस्किटाला साबणासारखी चव येते, रंग काळपट होतो आणि बिस्किट ट्रेवर पसरतं. नाचणी असलेल्या पिठात तर हा काळेपणा आणखी उठून दिसतो.

पीठ

नुसत्या कणकेचं बिस्किट कडक का होतं, याचं उत्तर गिरणीत आहे. जात्यावर किंवा चक्कीत दळताना गव्हातल्या स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणात चिरडले जातात. असं पीठ पाणी भराभर ओढतं. पोळीसाठी ते उत्तमच, कणीक मऊ राहते आणि पोळी फुगते. बिस्किटात तेच आडवं येतं. पीठ कोरडं वाटतं म्हणून आपण दूध घालत जातो, ते दूध ग्लुटेन जागं करतं, आणि भाजल्यावर बिस्किट वातड किंवा टणक होतं. म्हणून नियम असा की आधी स्निग्ध, मग पीठ, आणि दूध सगळ्यात शेवटी, चमच्याने मोजून.

नाचणी आणि बेसनात ग्लुटेन नसतं. त्यांनी कणकेचा चिवटपणा कमी होतो. पण मर्यादा पाळा. बिनग्लुटेनच्या पिठांचा वाटा एकूण पिठाच्या चाळीस टक्क्यांपुढे गेला की बिस्किट उचलतानाच तुटतं. वरच्या मापात तो तेहेतीस टक्के आहे. नाचणीऐवजी ज्वारी घेतली तर रंग उजळ राहतो आणि चव सौम्य येते. बाजरी घ्यायची तर त्याच दिवशी दळलेली घ्या. बाजरीच्या पिठातलं तेल लवकर खवट होतं आणि भाजल्यावर तो कडवटपणा लपत नाही. कणीकही ताजी हवी, कारण कोंड्याबरोबर गव्हाच्या अंकुराचं तेल तिच्यात असतं. गिरणीत बारीक दळून मागा. घरी आणून मैद्याच्या चाळणीने कोंडा काढून टाकलात तर कणीक घेण्याचं कारणच उरत नाही.

नाचणी आणि बेसन एकत्र करून मंद आचेवर चार-पाच मिनिटं भाजा. रंग बदलायला नको, कच्चा वास गेला की पुरे. मग ताटात पसरून पूर्ण गार करा. कोमट पीठ लोण्यात गेलं तर लोणी वितळतं आणि फेटण्याची मेहनत वाया जाते. कणीक भाजायची गरज नाही.

फेटणं

लोणी बोटाने दाबलं की खळगा पडावा, पण बोट तेलकट होऊ नये. हा अंदाज साधारण १८ ते २० अंशांना जमतो. पुस्तकांत ‘खोलीच्या तापमानाचं लोणी’ लिहिलेलं असतं ते थंड देशांतल्या खोलीचं. नागपूर-सोलापूरच्या मे महिन्यात खोलीत ठेवलेलं लोणी अर्ध्या तासात पातळ होतं, कारण लोण्यातलं स्निग्ध ३२ ते ३५ अंशांपर्यंत पूर्ण वितळतं. उन्हाळ्यात फ्रिजमधून काढून लहान तुकडे करा, दहा मिनिटं थांबा आणि लगेच कामाला लागा. भांडं मोठ्या पातेल्यातल्या बर्फाच्या पाण्यावर ठेवून फेटलं तर उत्तम.

लोणी आणि पिठीसाखर हाताने चार-पाच मिनिटं, मशीनने दोन मिनिटं. रंग फिका झाला आणि मिश्रण हलकं वाटलं की थांबायचं. साखरेच्या कणांमुळे लोण्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात; बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही, आहेत तेच मोठे करते. फेटणं कमी झालं तर बिस्किट दाट आणि चपटं होतं. पण केकसारखं खूप वेळ फेटलंत तर आत हवा जास्त भरते, बिस्किट पसरतं आणि हातात चुरतं.

साखर घरी मिक्सरवर दळून चाळून घ्या. दाणेदार साखरेचं बिस्किट जास्त पसरतं आणि जास्त कडकडीत होतं. या पिठाला ते मानवत नाही.

आता चाळलेली पिठं, बेकिंग पावडर, मीठ आणि वेलदोडा त्यात घाला. मळायचं नाही. बोटांच्या टोकांनी एकत्र करत न्या, मूठ दाबली की गोळा टिकला म्हणजे झालं. चुरा सुटत असेल तर अर्धा छोटा चमचा दूध घाला, थांबा, पुन्हा पाहा. कोंडा ओल सावकाश घेतो, त्यामुळे सुरुवातीला कोरडं वाटणारं पीठ दहा मिनिटांनी आपोआप जुळून येतं. घाई करून दूध ओतणं हीच या पाककृतीतली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक.

झाकून वीस ते तीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. मग साधारण १४-१५ ग्रॅमचे गोळे करून हलके दाबून एक सेंटिमीटर जाडीचे करा. कडा चिरल्या तर बोटाने मिटवा. हे गोळे सगळे एका वजनाचे हवेत, नाहीतर लहान करपतात आणि मोठे मधून कच्चे राहतात.

दुसरी रीत मला जास्त पटते. पिठाचा चार सेंटिमीटर जाडीचा लांब उंडा वळून बटर पेपरमध्ये गुंडाळायचा आणि फ्रीझरमध्ये ठेवायचा. महिनाभर टिकतो. हवं तेव्हा काढून पाच-सात मिनिटांनी धारदार सुरीने चकत्या कापायच्या आणि फक्त सहा-आठ बिस्किटं भाजायची. दर वेळी ताजी मिळतात, आणि भरलेला डबा समोर नसल्यामुळे येता-जाता तोंडात टाकणं आपोआप कमी होतं.

भाजणं

ओटीजी, म्हणजे घरगुती छोटा विजेचा ओव्हन, १६० अंशांवर, वरची आणि खालची दोन्ही कॉइल चालू, पंधरा मिनिटं आधी तापवलेला. मधला कप्पा. बिस्किटांमध्ये दोन बोटांचं अंतर. वेळ १८ ते २० मिनिटं. पंखा चालू असलेल्या कन्व्हेक्शन ओव्हनमध्ये १५० अंश पुरतात. घरगुती ओटीजीचा काटा दाखवतो ते आणि आतलं खरं तापमान यांत वीस अंशांचा फरक असणं अगदी नेहमीचं आहे, त्यामुळे आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्याच.

नाचणीमुळे रंगावरून अंदाज लागत नाही. एक बिस्किट उलटून पाहा: तळ बदामी झाला आणि कडा घट्ट लागली की बाहेर काढा. मध्यभाग तेव्हा मऊच असतो आणि तो तसाच असायला हवा. गार होताना लोणी थिजतं, साखर घट्ट होते आणि बिस्किट आकार धरतं. ओव्हनमध्येच कडक होण्याची वाट पाहिलीत तर बाहेर आल्यावर ते दातांनी फुटणार नाही. ट्रेवर पाच मिनिटं, मग जाळीवर अर्धा तास.

तळ करपतो आणि वरून फिकं राहतं, ही तक्रार काळ्या पातळ ट्रेमुळे येते. खाली तसाच दुसरा ट्रे ठेवून दुहेरी थर करा, किंवा एक कप्पा वर चढवा.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई चालते. तळाला वाटीभर जाडं मीठ पसरा, त्यावर स्टँड, घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. तूप लावलेल्या ताटलीत पाच-सहा बिस्किटं ठेवून अगदी मंद आचेवर २० ते २५ मिनिटं. कुकर वापरत असाल तर रिंग आणि शिट्टी दोन्ही काढलेली हवी. वरून उष्णता मिळत नाही, त्यामुळे माथा फिका राहणार. त्यासाठी आच वाढवू नका. ते मीठ गार करून बरणीत भरून ठेवा, पुढच्या वेळी तेच वापरता येतं.

बिस्किट पसरून पातळ झालं तर कारण तीनांपैकी एक असतं: लोणी फार मऊ होतं, ओव्हन पुरेसा तापलेला नव्हता, किंवा पिठात सोडा पडला. ओव्हन थंड असेल तर पीठ घट्ट व्हायच्या आधी लोणी वितळून वाहतं. उलट, वर खोल चिरा पडून बिस्किट गोळ्यासारखंच राहिलं तर पीठ कोरडं पडलंय किंवा ओव्हन फार तापलाय. बारीक चिरा मात्र चांगल्याच, नानकटाईची ती ओळखच आहे.

साखर, गूळ आणि पौष्टिकपणाचा हिशोब

साखर फक्त गोडीसाठी नसते. ती पीठ मऊ ठेवते, रंग देते, खुसखुशीतपणा टिकवते. १८० ग्रॅम पिठाला ६० ग्रॅम ही मला जमलेली पातळी आहे. ५० पर्यंत उतरता येतं. ४५ च्या खाली गेलात की बिस्किट फिकं, कोरडं आणि घशात अडकणारं होतं. गोडी वाढवायला दहा ग्रॅम साखरेऐवजी पंधरा ग्रॅम खारकेची पूड घालून पाहा. ती ओल ओढते, त्यामुळे दूध अर्धा चमचा जास्त लागेल. खारकेतही साखर असतेच, हे विसरू नये.

गुळाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. गुळाच्या उष्मांकात आणि साखरेच्या उष्मांकात फरक नगण्य आहे, आणि मधुमेह असलेल्या माणसाला गूळ साखरेइतकाच सांभाळून खायला हवा. चवीसाठी गूळ जरूर घाला, नाचणीशी तो सुरेख जातो. पण गूळ हवेतली ओल ओढतो, पावसाळ्यात अशी बिस्किटं दोन दिवसांत सादळतात. कोरडी गूळ पावडर चाळून घ्या, ओव्हन १५० अंशांवर ठेवा कारण गुळाचा रंग लवकर चढतो, आणि दूध वगळा.

वरच्या मापाचं एक बिस्किट भाजल्यावर साधारण १३ ग्रॅम भरतं. त्यात ६५ ते ७० कॅलरी, अडीच ग्रॅम साखर, साडेतीन ग्रॅम स्निग्ध आणि त्यातले दोन ग्रॅमच्या आसपास संपृक्त (सॅच्युरेटेड). तंतू पाऊण ग्रॅमच्या आसपास. दोन बिस्किटांत पाच ग्रॅम साखर, आणि सोबतच्या चहात दोन चमचे साखर घातली तर तिथे आठ-दहा ग्रॅम. म्हणजे बिस्किटावर एवढी मेहनत घेऊन चहाचा चमचा तसाच ठेवला तर मोठा वाटा कपातूनच पोटात जातो.

नाचणीचं कॅल्शियमही याच तराजूत घाला. १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, हे खरं. पण आपण चोवीस बिस्किटांत ४० ग्रॅम नाचणी घातली. एका बिस्किटाच्या वाट्याला सहा मिलिग्रॅमच्या आसपास येतं. पेलाभर दुधात दोनशेच्या वर असतं. नाचणी घालायची ती खमंगपणासाठी आणि कणकेचा चिवटपणा मोडण्यासाठी. कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी किंवा आंबील आहे.

खरा मोठा फायदा वनस्पती तूप गेल्याचा. त्यातले ट्रान्स फॅट हृदयाला वाईट आणि त्यांची शरीराला काहीही गरज नाही. जानेवारी २०२२ पासून एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने तेलं आणि वनस्पतींमध्ये त्यांची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली, त्यामुळे आजचा डबा जुन्यापेक्षा बरा आहे. बेकरीत आपलं पीठ, साखर आणि तूप देऊन बिस्किटं भाजून घ्यायची पद्धत अजून कित्येक गावांत आहे. तिथे द्यायच्या डब्यात वनस्पतीऐवजी लोणी किंवा साजूक तूप भरून द्या आणि भट्टीवाल्यांना तसं सांगा, कारण ते सवयीने जास्त आचेला ट्रे लावतात आणि लोणी लवकर करपतं.

संपृक्त स्निग्ध आणखी कमी हवं असेल तर तेल ओतू नका; तेलात हवा अडकत नाही आणि बिस्किट तेलकट होतं. त्याऐवजी लोणी ८० ग्रॅम करा आणि खमंग भाजलेल्या शेंगदाण्यांचं किंवा तिळाचं अगदी बारीक कूट ३० ग्रॅम घाला. कुटातलं तेल पिठात मुरतं आणि लोण्याची उणीव जाणवत नाही. मिक्सर थांबवत-थांबवत फिरवा, नाहीतर कुटाचा लगदा होतो.

ठेवायला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आणि बिस्किटं आतपर्यंत गार झाल्यावरच भरायची. कोमट भरलीत तर झाकणाला वाफ धरते. दहा-बारा दिवस चांगली राहतात. सादळलीच तर ओव्हनमध्ये १२० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवून गार करा, पुन्हा कुरकुरीत होतात.

ज्यांना साखर खरोखरच अगदी कमी करायची आहे त्यांनी गोड बिस्किटाशी झटापट करू नये, सरळ जिऱ्याचं खारं बिस्किट करावं. पिठं तीच, मिठाचं लोणी १०० ग्रॅम, पिठीसाखर फक्त १५ ग्रॅम, दोन छोटे चमचे घट्ट दही, सोड्याची चिमूट, दीड छोटा चमचा अर्धवट कुटलेलं जिरं आणि थोडा ओवा. इथे दह्याचं आम्ल असल्यामुळे सोडा चालतो. बेकिंग पावडर आणि दूध दोन्ही वगळा. दोन बटर पेपरच्या मध्ये पाच मिलिमीटर जाड लाटा, फ्रिजमध्ये घट्ट करा, चौकोन कापा आणि काट्याने आरपार टोचा, म्हणजे वाफ निघून जाते आणि बिस्किट फुगत नाही. साखर कमी म्हणून रंग उशिरा येतो. १६० अंशांवर २० ते २२ मिनिटं लागतात. ही बिस्किटं दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागतात, तोवर जिऱ्याचा वास लोण्यात मुरलेला असतो.